दाबून धरा

विमानाच्या पॅनेलवर नव्याने बसवलेला इंजिन मॉनिटर कालपासून माझ्यावर खेकसतो आहे, आणि तेही इंजिन बंद असताना. मास्टर स्विच टाकला की पडदा लालभडक होतो, भोंगा वाजतो आणि हँगरमधली माणसे माना वळवून पाहू लागतात. बंद इंजिनात तेलाला दाब नसणार, हे यंत्र बनवणाऱ्यालाही ठाऊक असावे. कारण इंजिन थांबलेले असताना भोंगा गप्प ठेवण्याची सोय त्याने दिलेली आहे. फक्त ती 'अलार्म' या मथळ्याखाली नाही, 'डिस्प्ले'मध्ये ब्राइटनेसच्या खाली आहे.

ब्राइटनेसची कथा वेगळीच आहे. उजेड मोजणारा सेन्सर नॉबला इतका खेटून आहे की पडदा उजळावा म्हणून अंगठा नॉबवर ठेवला की सेन्सर झाकला जातो, रात्र झाली असे समजून पडदा मंदावतो आणि भर उन्हात त्यात आपलाच त्रासिक चेहरा दिसू लागतो.

खरी मारामारी मर्यादांची आहे. आमच्या जुन्या 100 अश्वशक्तीच्या रोटॅक्स 912 इंजिनाला 3500 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर तेलाचा दाब 2 ते 5 बार लागतो, त्याखाली मात्र 0.8 बारही चालतो. यंत्र खालची मर्यादा एकच विचारते. 2 भरले तर जमिनीवर इंजिन मंद फिरत असताना भोंगा वाजण्याची टांगती तलवार, 0.8 भरले तर उडताना दाब 1.5 वर घसरला तरी यंत्र हिरवे हिरवे हसत राहणार. शिवाय वीस सेकंद नॉबला हात लागला नाही की मेन्यू आपोआप मिटतो आणि भरलेले आकडे विसरून जातो.

या खटाटोपात असताना निवृत्त कॅप्टनसाहेब येऊन पंखाला टेकले.

"तेलाचा दाब का?"

"हो, साहेब."

"दाबून धरा."

"कोणते बटण?"

"कोणतेही. हल्लीची यंत्रे दाबून धरल्याशिवाय ऐकत नाहीत."

"किती वेळ?"

"ते यंत्रच सांगेल ना!"

मग त्यांच्या काळी इंजिनाची तब्येत कानाने आणि वासाने कशी कळत असे, हे त्यांनी सांगितले. मान डोलावण्यात माझे वीस सेकंद गेले, मेन्यू मिटला. मी पुन्हा आत शिरलो. त्यांनी एका विद्यार्थ्याची गोष्ट काढली; पुन्हा मिटला. वयाने आणि अनुभवाने मोठा माणूस, त्याला गप्प बसा म्हणायचे तरी कसे? शेवटी "सरका जरा" म्हणत त्यांनी स्वतःच हात आत घातला आणि दोन्ही बटणे दाबून धरली. पडदा विझला, पुन्हा उजळला आणि शांत झाला.

"झाले की नाही गप्प?"

झाले होते. यंत्र मूळ सेटिंगवर गेले होते आणि मूळ सेटिंगमध्ये सगळे अलार्म बंद असतात. सुरक्षिततेच्या नावावर विकलेल्या वस्तूची ही तऱ्हा! शिवाय मर्यादा भलत्याच, बहुधा लायकॉमिंग इंजिनाच्या: सिलिंडर हेडला 500 अंश फॅरनहाइट, म्हणजे 260 सेल्सिअस; आमच्या इंजिनाची मर्यादा 135. दाबही बारऐवजी पीएसआय या दुसऱ्याच एककात. एककांची गफलत ही काही किरकोळ बाब नव्हे. 1983 साली कॅनडात एका बोइंग 767 मध्ये इंधनाचा हिशेब किलोग्रॅमऐवजी पौंडांनी झाला आणि दोन्ही इंजिने हवेत बंद पडल्यावर ते विमान गिमली येथे तरंगत उतरवावे लागले. हे मी कॅप्टनसाहेबांना काहीशा कडवट सुरात ऐकवले.

"गिमली!" त्यांचे डोळे चमकले. त्यांनी हँगरमधून खुर्ची ओढत आणली आणि ती पंखाखाली सावलीत मांडली. "सगळे सविस्तर सांगतो. तुम्ही आपले आकडे भरत राहा."