वह्या बंद करू नका: ‘करबचतीच्या सात मंत्रां’ना उत्तर

मंगळवारी रात्री काकूंचा फोन आला. दुकानात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी करायला येणाऱ्या मुलाला काकांनी सांगून टाकलं होतं, पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस. कारण विचारलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मजकूर. ‘छोट्या व्यापाऱ्यांनो, सीए हे तुम्हाला कधीच सांगणार नाही’ अशी त्याची सुरुवात, खाली करबचतीचे सात मंत्र आणि शेवटी ‘प्रत्येक दुकानदारापर्यंत पोचवा’.

गेली अकरा वर्षं मी छोट्या दुकानदारांची आयकर आणि जीएसटीची रिटर्नं भरते. हाच मजकूर याआधी तीन जणांनी मला पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी तो पुसून टाकला. ती माझी चूक झाली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर आज एका मुलाचं काम गेलं नसतं.

सात मंत्र थोडक्यात असे. एक, विक्री ३ कोटींच्या आत असेल तर वह्या ठेवू नका, ६ टक्के नफा दाखवा, वरचा पैसा करमुक्त. दोन, १२ लाखांपर्यंत कर नाही, म्हणून रिटर्न भरायचीच गरज नाही. तीन, यूपीआयचा क्यूआर काढून टाका, रोख घ्या. चार, पत्नीला पगार दाखवा. पाच, गाडी दुकानाच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळतो. सहा, खर्च कमी पडला तर खरेदीची बिलं कमिशनवर मिळतात. सात, पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत द्या, नाहीतर खर्च धरला जात नाही.

उत्तरातले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत आणि आयकराची कलमं १९६१ च्या कायद्यातली, कारण या वर्षाचं रिटर्न त्याच कायद्याने भरायचं आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

पहिल्या मंत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे. काकांनी तोच उचलला, आणि त्यात थोडं खरं असल्यामुळे तो पटतोही. कलम ४४एडी सांगतं की व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब किंवा भागीदारी संस्था निवासी असेल आणि धंद्याची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, तर विक्रीच्या ८ टक्के नफा गृहीत धरून कर भरता येतो. बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर हेच प्रमाण ६ टक्के आहे. एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, ही सोय नाही, दलाली किंवा कमिशनच्या धंद्यालाही नाही. ज्याला ती आहे, त्याच्यावर आयकरासाठी हिशेबाच्या वह्या ठेवायचं आणि ऑडिटचं बंधन नसतं. इथवर मजकूर बरोबर आहे, हे मला मान्य करावं लागतं.

३ कोटींची मर्यादा मात्र सगळ्यांसाठी नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पाने ती दिली ती फक्त अशा व्यापाऱ्याला, ज्याची रोखीतली जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या वर जात नाही. काकांचं दुकान हार्डवेअरचं. गवंडी, प्लंबर, शेतकरी अशी गिऱ्हाइकं, गल्ल्यात निम्मी रोकड. त्यांची मर्यादा २ कोटीच. आणि तोच मजकूर तिसऱ्या मंत्रात त्यांना सगळं रोखीत घ्यायला सांगतो! सगळं रोखीत घेतलं तर ३ कोटींची मर्यादाही गेली आणि ६ टक्क्यांचा दरही गेला, प्रत्येक रुपयाला ८ टक्के लागले.

आता ‘वरचा पैसा करमुक्त’ याकडे वळते. हे वाक्य लिहिणाऱ्याने कलम अर्ध्यात सोडलं आहे. कलम ४४एडी ८ टक्क्यांवर थांबत नाही. त्यात पुढे असं आहे की ८ टक्के, किंवा करदात्याने आपण मिळवली म्हणून सांगितलेली त्याहून मोठी रक्कम असेल तर ती रक्कम. म्हणजे ६ आणि ८ टक्के ही किमान पातळी आहे. मोठी रक्कम ‘सांगितलीच नाही’ तर काय, असा प्रश्न काही जण उकरून काढतात. त्यावर वाद घालायला वकील आहेत. दुकानदार अडकतो तो दुसऱ्याच ठिकाणी, ते आकड्यांनी दाखवते.

समजा वर्षाची विक्री दीड कोटी, निम्मी रोख आणि निम्मी बँकेतून. रोखीच्या ७५ लाखांवर ८ टक्के म्हणजे ६ लाख, उरलेल्या ७५ लाखांवर ६ टक्के म्हणजे साडेचार लाख. रिटर्नमध्ये नफा साडेदहा लाख, नव्या कररचनेत कर शून्य. पण दुकानात प्रत्यक्ष ११ टक्के सुटले असतील तर नफा साडेसोळा लाख आणि त्यावर उपकरासह कर १ लाख ३५ हजार २००. एवढा कर वाचतो म्हटल्यावर कुणालाही मोह होईल, मी नाकारत नाही. पण कागदावर नसलेले ते वर्षाचे सहा लाख कुठेतरी जातातच. तीन वर्षांनी त्यांचा प्लॉट होतो, सोनं होतं, मुलीच्या शिक्षणाची फी होते. मग कलम ६९ खाली अधिकारी विचारतो की तुमचं उत्पन्न एवढं, घरखर्च एवढा, मग प्लॉटचे १८ लाख आले कुठून? त्या दिवशी ४४एडीचा आधार उरत नाही. उत्तर द्यायला वह्या लागतात, आणि त्या ठेवायच्या नाहीत असं मंत्रात लिहिलेलं असतं.

वह्यांशिवाय ४४एडीचं रिटर्नसुद्धा नीट भरता येत नाही. ही सोय घेणारा सहसा आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’ हा फॉर्म भरतो. त्यात ३१ मार्चची येणी, देणी, शिल्लक माल आणि हातातली रोकड भरायची असते. काकांना मी फोनवर विचारलं, ‘काका, मालाचा आकडा किती टाकू?’ ते म्हणाले, ‘अगं, अंदाजे टाक.’ मी म्हटलं, मागच्या वर्षी त्या मुलाने रॅकमधल्या नळाच्या कॉकपासून खिळ्यांच्या पेट्यांपर्यंत मोजणी केली होती, म्हणून आपल्याला आकडा कळला. या वर्षी अंदाज टाकला आणि पुढच्या वर्षी तो जुळला नाही, तर फरक कुठून आला ते कोण सांगणार? ते गप्प बसले. रोख किती आणि बँकेतून किती ही वाटणीसुद्धा रोजमेळ लिहिल्याशिवाय कळत नाही, आणि ६ की ८ हे तिच्यावरच ठरतं.

जीएसटी तर मजकूर लिहिणाऱ्याच्या डोक्यातच नसावा. नोंदणी असलेल्या प्रत्येकाने आपल्या व्यवसायाच्या जागी हिशेब ठेवलेच पाहिजेत, असं केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ३५ सांगतं. कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ते जपून ठेवायचे असतात. आयकराने दिलेली सवलत जीएसटीला लागू होत नाही. म्हणजे नोंदणी असलेल्या दुकानदाराला ‘वह्या ठेवू नका’ सांगणं हे त्याला कायदा मोडायला सांगणं आहे.

शिवाय मागच्या वर्षी याच मुलाने खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, ताडून पाहिली, तेव्हा एका पुरवठादाराने आपलं विवरण भरलंच नव्हतं असं निघालं. काकांचं ४२ हजारांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकलं होतं. चार वेळा फोन करून मुलाने ते विवरण भरून घेतलं. त्याचा पगार कसा वसूल होतो ते यात आलं.

४४एडीबद्दल मजकुरात नसलेली आणखी एक अट आहे. एकदा ही सोय घेतली आणि पुढच्या पाच वर्षांत एखाद्या वर्षी त्याहून कमी नफा दाखवायची वेळ आली, तर नंतरची पाच वर्षं ही सोय बंद होते. त्या काळात उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही. मंदीच्या एका वर्षात हे घडू शकतं, आणि मुलाला काढून टाकलेलं असेल तर त्या वर्षाच्या वह्याच नसतात.

सहावा मंत्र वाचून मला खरोखर राग आला. कमिशनवर मिळणारं बिल म्हणजे मालच आला नाही त्याचं बिल. हा गुन्हा आहे, आणि लोक तो एकमेकांना सल्ला म्हणून पाठवताहेत. जीएसटीत क्रेडिट मिळायला माल प्रत्यक्ष हाती यावा लागतो आणि पुरवठादाराने तो कर सरकारकडे भरलेला असावा लागतो, हे कलम १६ मध्ये स्पष्ट आहे. तसं नसताना घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत जातं आणि वर दंड बसतो. खोट्या बिलांच्या कराची रक्कम बिल देणाऱ्यासाठी १ कोटीच्या आणि त्यावर क्रेडिट घेणाऱ्यासाठी २ कोटींच्या वर गेली तर कलम १३२ खाली तुरुंगवासाची तरतूद आहे. आयकराचं कलम २७१एएडी वेगळंच. वह्यांत खोट्या नोंदी सापडल्या तर त्या नोंदींच्या एकूण रकमेइतका दंड लावता येतो. पाच लाखांचं खोटं बिल, पाच लाखांचा दंड. बिल विकणारा माणूस नोटीस येते तेव्हा फोन उचलत नाही, हे मी दोन अशिलांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यातल्या एकाने बायकोचे दागिने मोडून पैसे भरले.

आणि या मंत्राला काही अर्थही नाही. पहिल्या मंत्राप्रमाणे विक्रीवर ६ टक्के नफा धरला की सगळे खर्च त्यातच आले. मग खरेदीची बिलं वाढवून आयकर एक रुपयाने कमी होत नाही. दोन्ही मंत्र एकाच यादीत ठेवणाऱ्याने रिटर्न कधी भरलंच नसावं.

गाडीच्या मंत्राचंही तेच. ४४एडीत घसारा, म्हणजे गाडीच्या दरवर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट, वेगळा मिळत नाही. जीएसटीचं म्हणाल तर चालकासह १३ माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीचं क्रेडिट कलम १७(५) ने अडवलं आहे. टॅक्सीचा, गाड्या विकण्याचा किंवा ड्रायव्हिंग शिकवण्याचा धंदा असेल तरच ते मिळतं. मालवाहू टेम्पोचं क्रेडिट मिळतं. काकांना टेम्पो घ्यायचा असेल तर त्यांनी जरूर घ्यावा.

१२ लाखांचा मंत्र पटकन निकालात काढते. नव्या रचनेत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो कलम ८७ए च्या सवलतीमुळे, करमुक्त मर्यादा ४ लाखच आहे. उत्पन्न त्याच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, आणि धंद्याची विक्री ६० लाखांच्या वर असेल तर उत्पन्न कितीही असो, भरावं लागतं. पावणेतेरा लाखांचा जो आकडा फिरतो तो पगारदारांचा. ७५ हजारांची प्रमाणित वजावट दुकानदाराला नाही.

यूपीआयची भीती कुठून आली ते मला समजतं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत अनेकांनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’ असे कागद लावले. पण नोंदणीची मर्यादा उलाढालीवर ठरते, पैसे कसे आले यावर नाही. आपल्याकडे फक्त माल विकणाऱ्याला ती ४० लाख आहे आणि सेवा देणाऱ्याला २० लाख. रोकड बँकेत भरली की तीही दिसते. चालू खात्यात वर्षाला ५० लाख किंवा जास्त रोख गेली की बँकच आयकर खात्याला कळवते. आणि एका गिऱ्हाइकाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घेतली, तर कलम २६९एसटी मोडल्याबद्दल घेतलेल्या रकमेइतका दंड. बंगल्याच्या बांधकामाचा माल एकरकमी रोखीत देणाऱ्या काकांना हे नीट माहीत हवं.

पत्नीच्या पगाराबद्दल मात्र थोडं थांबावंसं वाटतं. काकू वीस वर्षं त्या दुकानात बसतात. दुपारी काका जेवायला घरी गेले की गल्ला त्यांच्याकडे असतो आणि उधारीची वही त्यांना काकांपेक्षा जास्त पाठ आहे. पण कलम ६४ असं म्हणतं की पतीचे भरीव हितसंबंध असलेल्या धंद्यातून पत्नीला मिळालेला पगार पतीच्याच उत्पन्नात मिळवायचा; तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या कामाचाच असेल तर नाही. मेडिकलच्या दुकानात पत्नी बी.फार्म. होऊन औषधं देत असेल तर तिचा पगार तिचाच. काकूंच्या वीस वर्षांना कायदा ती किंमत देत नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. पण म्हणून कागदावर पगार दाखवून तो काकांच्या खिशात ठेवला तर काकूंना काय मिळालं? द्यायचाच असेल तर दर महिन्याला त्यांच्या खात्यात द्या. कर वाचणार नाही, ४४एडीत त्याची वेगळी वजावटही नाही. तरी द्या.

सातवा मंत्र अर्धा खरा आहे. कलम ४३बी(एच) मुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावी लागतात, पण करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. आपल्या धंद्यात लेखी करार कोण करतो? हा नियम माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या नोंदणीकृत उद्योगांच्या बिलांना लागतो, निव्वळ व्यापाऱ्याच्या बिलांना नाही.

ज्याने काकांचे पैसे खरंच वाचले असते ते या यादीत आलंच नाही. ४४एडी घेणाऱ्याला आगाऊ कराचे चार हप्ते नसतात. १५ मार्चपर्यंत सगळा कर एकदम भरला की झालं. वर्षाचा कर १० हजार किंवा जास्त असेल आणि ही तारीख हुकली, तर व्याज लागतं. मागच्या वर्षी काकांनी ते भरलं, कारण फेब्रुवारीत तो मुलगा पंधरा दिवस आजारी होता आणि वर्षाचा आकडा वेळेत निघाला नाही.