अर्ध्या डॉलरची लस म्हणजे दुय्यम माल?

‘पुण्याच्या सीरमने आफ्रिकेला अर्ध्या डॉलरला दिलेली मेनिंजायटिसची लस म्हणजे श्रीमंत देशांनी नाकारलेला माल. प्रयोग आफ्रिकेतल्या पोरांवर झाले. साथ तर आपोआपच ओसरली असती.’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय.

नाकारली कुणी? सेनेगल ते इथिओपिया या पट्ट्यातल्या मोठ्या साथी मेनिंगोकॉकस या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जिवाणूच्या ‘ए’ गटाच्या. १९९६-९७ मध्ये अडीच लाखांवर लोक आजारी पडले, सुमारे २५ हजार दगावले. युरोपात त्रास ‘बी’ आणि ‘सी’चा, ब्रिटनने १९९९ मध्ये ‘सी’ची लस सुरू केली. ‘ए’चं गिऱ्हाईक गरीब, म्हणून बड्या कंपन्यांना रस नव्हता.

आता किंमत. ती आधी ठरली, लस नंतर बनली. अर्ध्या डॉलरहून महाग लस झेपणार नाही, असं आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनीच बजावलं होतं. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही ना-नफा आरोग्यसंस्था यांनी प्रकल्प सुरू केला, त्याला गेट्स फाउंडेशनने सात कोटी डॉलर दिले. जिवाणूची साखर प्रथिनाला जोडायचं तंत्र अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेतून आलं, त्यासाठी लागणारं धनुर्वाताचं टॉक्सॉइड (निरुपद्रवी केलेलं विष) सीरम बनवतच होती. संशोधनाचा खर्च किमतीत चढवायची गरजच उरली नाही. दर्जाचं म्हणाल, तर जुन्या लशींमध्ये जिवाणूच्या कवचातली नुसती साखर असायची. दोन वर्षांखालच्या बाळांना तिचा फारसा उपयोग नसे, संरक्षणही अल्पकाळ टिके. तीच साखर टॉक्सॉइडला जोडली की टी-पेशी (शरीराच्या संरक्षक पेशी) कामाला लागतात, प्रतिकारशक्तीला जंतू लक्षात राहतो. शिवाय घशात दडलेला जंतूही घटतो, म्हणजे लस न घेतलेलाही वाचतो. स्वस्त लस जुनीपेक्षा सरस होती, एवढाच अर्थ.

प्रयोगांबद्दल: पहिली चाचणी २००५ मध्ये भारतात झाली, प्रौढांवर. माली, गांबियातली मुलं त्यानंतर. हा क्रम फॉरवर्डमध्ये सोयीस्करपणे गळतो.

‘आपोआप ओसरली असती’ यात थोडं तथ्य आहे, कारण या साथी लाटांनी येतात. पण चाडमध्ये २०११च्या अखेरीस काही भागांत लस दिली गेली, बाकीच्यांत नाही. पुढच्या हंगामात लस मिळालेल्या भागांत मेनिंजायटिसचं प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी निघालं. लाट जिल्ह्याची हद्द बघून थांबत नसते!

खरी मर्यादा वेगळीच होती, ती फॉरवर्डवाल्यांना दिसली नाही. ही लस फक्त ‘ए’वर चालते, २०१५ मध्ये नायजरमध्ये ‘सी’ची मोठी साथ आलीच. म्हणून सीरम आणि ‘पाथ’ने ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स अशा पाच गटांवरची लस केली. तिची पहिली मोहीम २०२४ मध्ये नायजेरियात झाली.