तिला उगाच त्रास कशाला?

काल रात्री कपाट आवरताना लेकीची दुसरीतली निबंधाची वही सापडली. "आमची सहल" असा मथळा आणि खाली पेन्सिलीने लिहिलेल्या सात ओळी. "आम्ही बसने शेतावर गेलो. मी चिखलात पडले. सगळे हसले. बाईंनी मला उठवलं. माझे बूट खराब झाले. आई ओरडली. खूप मजा आली." बाजूला लाल पेनाने बरोबरची खूण आणि "छान".

त्या सहलीला ती गेलीच नव्हती.

सहलीच्या आदल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेचा फोन आला होता. बाई मनाने खरंच चांगल्या आहेत, आजही रस्त्यात भेटल्या की थांबून बोलतात. म्हणाल्या, "ताई, शेतातली जागा आहे, उंचसखल. दिवसभर ऊन. तिला उगाच त्रास कशाला?" मी लगेच "हो ना, बरोबर आहे तुमचं" म्हणाले. वर त्यांचे आभारही मानले, इतकी काळजी करतात म्हणून. लेकीला सांगितलं की आपण दोघी त्या दिवशी वाशीला मॉलमध्ये जाऊ, आइस्क्रीम खाऊ. गेलोही. तिने आइस्क्रीम निमूटपणे संपवलं. मला वाटलं, विसरली.

पुढच्या आठवड्यात वर्गात सगळ्यांना सहलीवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा तिने ही सहल मनाने रचली. आणि त्यात स्वतःला काय दिलं? पडणं. चिखल, हसू, ओरडा. म्हणजे ज्या ज्या गोष्टींपासून आम्ही मोठी माणसं तिला वाचवत होतो, नेमक्या त्याच.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहतो. लेक आता दहा वर्षांची आहे, जूनमध्ये पाचवीत जाईल. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे दोन्ही पायांचे स्नायू ताठर. तिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन १ किलो ३०० ग्रॅम. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढतं. हाडं भराभर लांब होतात आणि आखडलेले स्नायू मागे पडतात. त्यामुळे बाकीच्या आया "किती उंच झाली गं!" म्हणून कौतुक करतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. उंची वाढली की पोटऱ्या ताणल्या जातात, टाचा पुन्हा उचलल्या जातात, पाय सरळ ठेवायला घालायचे स्प्लिंट (मापाचे कडक आधार) लहान होतात. मग परत पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप द्या, परत नवे स्प्लिंट, परत त्यावर चढतील असे दोन नंबर मोठे बूट शोधत फिरा.

आमची सकाळ साडेपाचला सुरू होते. वीस मिनिटं स्ट्रेचिंग. मग लांब मोजे, त्यांना एकही चुणी राहता कामा नये, नाहीतर संध्याकाळी तिथे फोड येतो. मग टाच स्प्लिंटमध्ये पार मागपर्यंत बसवायची, घोट्यावरचा पट्टा आधी, वरचा नंतर. टाच नीट बसली की नाही हे आता तिचं तिलाच कळतं. "आई, नाही बसली, परत" म्हणते. आठव्या वर्षापासून पट्टे स्वतः लावते. आमची इमारत सिडकोची, लिफ्ट नाही, घर दुसऱ्या मजल्यावर. ती कठड्याला धरून रोज उतरते आणि चढते. वेळ लागतो. मागून कोणी घाईत आलं तर "तुम्ही व्हा पुढे काका" म्हणते.

हे सगळं करणारी मुलगी शाळेच्या फाटकातून आत गेली की एकदम काचेची होते.

पी.टी.च्या तासाला वर्गात बसायचं, कारण मैदानात धक्का लागेल. मधल्या सुट्टीत डबा जागेवरच, कारण व्हरांड्यात गर्दी असते. गॅदरिंगमध्ये पहिलीत भारतमाता, दुसरीत सरस्वती, तिसरीत वनदेवी. तिन्ही वर्षं खुर्चीवर बसून. पडदा उघडला की सगळ्यात जास्त टाळ्या तिला. तिसरीच्या वेळी माझ्या शेजारच्या आईने डोळे पुसले, मीही पुसले. घरी येऊन मुकुट काढताना लेक म्हणाली, "आई, मला काही करायचंच नव्हतं." मैत्रिणी लेझीम करत होत्या. लेझीम हातात धरून एका जागी उभं राहून ती तालात वाजवू शकते, घरी आजीसमोर वाजवते. पण तिला कोणी विचारलंच नाही, आणि मीही शाळेला विचारलं नाही.

मी स्वतःला यातून वगळत नाहीये. पी.टी.तून सूट द्यावी असा पहिलीतला अर्ज माझ्याच हस्ताक्षरात आहे. वाढदिवसाला कोणी बोलावलं तर जिने किती आहेत हे मीच आधी विचारायचे आणि तिसरा मजला म्हटला की परस्पर नाही म्हणून टाकायचे. दवाखान्यांत, प्रमाणपत्राच्या रांगांत इतकं सोसलेलं असतं, की जिथे टाळता येईल तिथे तरी टाळावं, असं आईच्या मनात येतं. दिव्यांग मुलांच्या बहुतेक आयांना हे कळेल. पण तिने केव्हातरी दमायला हवं, हरायला हवं, ढोपर फोडून घ्यायला हवं. सहा ते दहा या वयात बाकीची मुलं हेच तर करतात, मैत्री त्यातूनच होते. त्रास वाचवता वाचवता आम्ही तिच्या मैत्रिणी वाचवून टाकल्या.

आमच्या इमारतीतल्या पोरांना हे कोणी शिकवलं नाही. संध्याकाळी खाली डबा ऐसपैस खेळतात. लेकीवर राज्य आलं की नियम बदलतो: सगळ्यांनी तळमजल्यापुरतंच लपायचं, जिन्यात जायचं नाही, आणि तिने शंभरऐवजी पन्नासच आकडे म्हणायचे. पण राज्य घ्यायलाच लागतं. चिडली तर चिडू देतात. एकदा तिने खोटं आउट दिलं म्हणून दोन दिवस तिच्याशी कट्टी होती. सासूबाई भांडायला खाली निघाल्या होत्या, मी हात धरून थांबवलं. तिला कट्टी मिळाली याचा मला केवढा आनंद झाला होता, ते कोणाला सांगून पटणार नाही.

कायद्यात ज्याला वाजवी सोय म्हटलंय ती हीच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा, १९ एप्रिल २०१७पासून लागू. त्याचं कलम १६ प्रत्येक पालकाने एकदा वाचावं, फार मोठं नाही. शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वापरता येईल अशी करायची, त्या त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची. आणि पहिल्याच मुद्द्यात शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणूक यांचाही उल्लेख आहे, इतरांच्या बरोबरीने. मी हे वाचलं तेव्हा लेक तिसरी संपवून चौथीत जात होती. माझ्या डोळ्यांसमोर ती सात ओळींची सहल आली. तिचा हक्क होता तो, आणि मी तो आइस्क्रीमवर मिटवला होता.

चौथीचा वर्ग शाळेत दुसऱ्या मजल्यावर भरतो. जूनमध्ये सांगण्यात आलं की लेकीला खाली तिसरीच्याच वर्गात बसवू, चौथीचा अभ्यास तिथे देऊ, "दोन जिने चढायचा त्रास कशाला?" यावेळी मी मान हलवली नाही. घरी ती रोज दोन जिने चढते हे सांगितलं. पण दप्तर घेऊन, शाळा सुटताना चारशे मुलांच्या लोंढ्यात ते धोक्याचं आहे हेही मान्य केलं. लेखी अर्ज दिला, कलमासकट: मुलीला वर्गापासून तोडू नका, वर्ग खाली आणा. तीन आठवडे गेले. दोनदा हेलपाटा झाला. एकदा ऐकावं लागलं की एका मुलीसाठी पन्नास मुलांनी का हलायचं. शेवटी एका शनिवारी चौथी आणि दुसरी यांच्या खोल्यांची अदलाबदल झाली. दोन कपाटं आणि एक तक्ता हलवला. खर्च शून्य. दुसरीची मुलं वर जायला मिळालं म्हणून खूश होती.

शिक्षकांची बाजू मला दिसते. पन्नास मुलं, एक बाई. मूल पडलं तर आधी त्यांनाच जाब विचारणार, पालक मोबाइल काढून उभे राहणार. विशेष शिक्षक किती हवेत याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये प्राथमिकसाठी दहा दिव्यांग मुलांमागे एक, असं प्रमाण सांगितलं. आमच्या शाळेत चार वर्षांत मी एकही विशेष शिक्षक पाहिला नाही. अशा वेळी बाई घाबरून "नको" म्हणतात, त्यांच्या जागी मीही म्हटलं असतं. म्हणून चौथीच्या सहलीआधी मी एक कागद लिहून दिला: ती पडेल, तिला खरचटेल, हे आम्हाला माहीत आहे, तेवढ्यासाठी आम्ही कोणालाही दोष देणार नाही. बाईंनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "ताई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. शाळेतल्या मावशी म्हणाल्या, मी असते तिच्याबरोबर. मला यायची गरज नाही असं बजावलं.

अलिबागजवळच्या किनाऱ्यावर गेले होते. रात्री आठला बस आली. लेक उतरली ती एका हाताला मावशी, दुसऱ्या हाताला कोणी एक माझ्या ओळखीची नसलेली मुलगी. ढोपराला बँडेज, आवाज बसलेला. वाळूत चार वेळा पडली म्हणे, पाचव्यांदा मुद्दाम पडली कारण सगळे पडत होते. स्प्लिंटच्या वेलक्रोत वाळू अशी घुसली होती की पट्टे चिकटेनात. दोन दिवस मी जुन्या टूथब्रशने ती काढत होते. ओरडलेसुद्धा, की बूट तरी काढून ठेवायचे होतेस. ती हसत होती.

ज्यांची मुलं आता बालवाडीतून पहिलीत जाणार आहेत त्यांनी माझ्यासारखी तीन वर्षं घालवू नयेत म्हणून हे लिहिलं. थेरपी कुठे करावी हे विचारणाऱ्यांना मी नेहमी वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र सांगते, तिथे आधी जाऊन या. कलम १६ची प्रत हवी असेल तर मेसेज करा, पाठवते. तो खरचटण्याचा कागदही पाठवते, हवा तसा बदलून घ्या.

पाचवीपासून शाळा बदलतेय. मंगळवारी मुख्याध्यापकांना भेटायला जायचंय. वर्ग तळमजल्यावर आहे का, स्वच्छतागृहात धरायला कठडा आहे का, पी.टी.चे सर कोण आहेत, हे वहीत लिहून ठेवलंय. लेकीने खाली तिच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: सहल कधी असते?