"सोपा ट्रेक" म्हणू नका, पायऱ्या किती ते सांगा

साताऱ्यात हल्ली दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ट्रेकची पोस्ट दिसते आणि तिच्यात एक ओळ हमखास असते : "सोपा ट्रेक, सर्व वयोगटांसाठी." ही ओळ वाचली की मला आत्या आठवते.

तीन वर्षांपूर्वी अशीच ओळ वाचून आम्ही दोघी एका ग्रुपबरोबर हरिहरेश्वरला गेलो. आत्या तेव्हा 67 वर्षांची. रोज पहाटे टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालत जाणारी बाई, चढाला कधी मागे हटत नाही. तिचा प्रश्न उताराचा. उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो आणि तिचे दोन्ही गुडघे झिजलेले. देवळामागून प्रदक्षिणेच्या वाटेला लागलो, तर खाली समुद्राकडे पायऱ्या. उंच, कुठे झिजलेल्या, आणि धरायला काही नाही. वीसेक पायऱ्या ती बसत-बसत उतरली आणि थांबली. नेणारा म्हणाला, "काकू, तुम्ही इथंच बसा, आम्ही तासाभरात आलो." मीही त्यांच्याबरोबर पुढे गेले, हे मला आजही टोचतं. परत यायला अडीच तास लागले. आत्या त्याच पायरीवर, उन्हात, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेली. येताना पोलादपूरला चहा घेताना एवढंच बोलली, "पायऱ्या आहेत म्हणून आधी सांगितलं असतं, तर काठी आणली असती गं."

तेव्हापासून आम्ही चार-पाच जणी स्वतःच सहली आखतो आणि "सोपा", "मध्यम", "अवघड" हे शब्द आम्ही टाकून दिलेत. सोपा म्हणजे कुणाला सोपा? विशीतल्या पोराला सोपी असलेली वाट गरोदर बाईला, दम्याच्या माणसाला, कुबडी घेऊन चालणाऱ्याला सोपी असेलच असं नाही. त्यापेक्षा वाटेवर काय आहे ते लिहा. पायऱ्या किती आणि एकेक केवढी उंच (आम्ही वितीनं मोजतो; दीड वितीच्या वर गेली की आत्याला हात द्यावा लागतो). कठडा कुठून कुठपर्यंत आहे. सावली कुठे, बसायला कट्टा कुठे. शौचालय आहे का, कारण ते नसेल तर बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्ध्यातून परत फिरता येईल अशी जागा कोणती. एवढं कळलं की जायचं की नाही हे ज्याचं तो ठरवतो. आपण का ठरवायचं?

वेळेचा हिशोबही असाच चुकतो. 1892 साली विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं एक ठोकताळा दिला : ताशी 3 मैल, आणि दर 2000 फूट चढाला एक तास जादा. तो आजही जगभर वापरतात, पण तो धडधाकट माणसाचा आहे. आम्ही सरळ अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्यावर सगळ्यांना चालवून बघितलं. आत्याला विसाव्यासकट किलोमीटरला अर्धा तास लागतो. आता आमची प्रत्येक सहल त्या अर्ध्या तासावर बेतलेली असते.

समुद्रकाठी तर हा हिशोब जिवाशी गाठ आहे. हरिहरेश्वरच्या त्या वाटेवर भरतीत अडकून माणसं वाहून गेली आहेत. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. शिवाय अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं, पौर्णिमा-अमावस्येसारखं उधाण नसतं. सावकाश चालणाऱ्यांसाठी म्हणून आम्ही थंडीतली अष्टमी धरतो, दहाला उतरतो आणि साडेबाराला काहीही झालं तरी माघारी फिरतो. हा झाला अंदाज. छापील वेळापत्रक बघायचंच आणि तिथल्या कोळ्यांना विचारायचंच. ते नको म्हणाले की नको. पावसाळ्यात तर त्या वाटेचं नावच काढायचं नाही.

आपल्याकडच्या कड्यांचं दुखणं वेगळं. सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीचा, जांभा दगड खालून पोखरलेला असतो, वरून टणक दिसतो आणि कडेला नुसता अधांतरी. म्हणून कठडा नसेल तिथे कडेपासून दहा पावलं आत, आणि धुकं उतरलं की आहे तिथे थांबायचं.

मागच्या थंडीत आमच्याबरोबर एक जन्मांध मित्र होता. त्याचा हात धरून ओढायचं नसतं, हे त्यानंच शिकवलं. तो आपलं कोपर धरतो, अर्धं पाऊल मागे चालतो, आणि आपण दरीच्या बाजूला राहायचं. महाबळेश्वरला आर्थर सीटवर त्यानं कठड्यावर दोन्ही हात ठेवले. खालून वर येणारा वारा तोंडावर घेत तो बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "खाली लई खोल आहे. वारा लांबून येतोय." ती दरी सावित्रीची. दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट उतरून हरिहरेश्वरला गेलो. तिथे तीच सावित्री बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्यानं वाळूत बसून पाण्यात हात घातला, चव घेतली आणि कालची नदी ती हीच का, असं दोनदा विचारलं.

त्या सहलीत कुणाला गाडीत बसवून ठेवलं नाही. प्रदक्षिणेची वाट न जमणारे पाच जण वाळूवरच फिरले. त्यांच्यासोबत आमच्यातली एक जण मुद्दाम थांबली आणि जेवण सगळ्यांनी एकत्रच केलं. ट्रेक नेणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, पुढची पोस्ट टाकण्याआधी एकदा स्वतः जाऊन पायऱ्या मोजा. एक सकाळ जाईल फक्त.

आमची पुढची फेरी ठरतेय. कॅलेंडर पुढे ओढून अष्टमी आत्यानंच शोधली, तीही शनिवारची. काठीच्या टोकाला नवं रबर बसवून आणलंय.