घर घ्या, पण पश्चिमेचंच घ्या

मुंबईत घर घेताय? मग पश्चिमेकडे तोंड असलेलाच फ्लॅट घ्या. ब्रोकर त्याला 'सी व्ह्यू' म्हणतो. दोन टॉवरांच्या फटीतून बोटभर समुद्र दिसतो, आणि मे महिन्यात दुपारी दोनपासून सातपर्यंत सूर्य स्वतः सोफ्यावर येऊन बसतो. चहासुद्धा मागत नाही.

खिडकी जमिनीपासून छतापर्यंत काचेची घ्या. साधी काच ऊन बिनबोभाट आत घेते, पण तापलेल्या फरशीची धग बाहेर जाऊ देत नाही.

भिंती मायवानच्या, म्हणजे ओतीव काँक्रीटच्या. सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकमधून उष्णता फार सावकाश येते, मजा नाही. काँक्रीट दुपारभर ऊन पितं आणि रात्री अकराला, तुम्ही पाठ टेकलीत की, परत करतं.

बाहेरचा रंग गडद राखाडी. पांढरा गावाकडे.

सेल्स ऑफिसात जास्त प्रश्न विचारू नका. केंद्राच्या 2018 च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छत सोडून भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे, चौरस मीटरला सरासरी 15 वॉट. मी विचारलं, तर त्या मुलाने योगा डेकचा फोटो दाखवला.

आणि बाहेरून बांबूच्या काड्यांचा पडदा, म्हणजे चिक? चुकूनही लावू नका. मी लावली. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्याला वरचा छज्जा पुरत नाही, आणि आतला पडदा लावावा तर तो आतच तापतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं, एवढं माझ्या सासूबाईंना कळतं. चाळीच्या गॅलरीत चिक सोडून त्या भर दुपारी तांदूळ निवडत बसायच्या. मला मात्र चौथ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली: 'सदर चिकमुळे इमारतीच्या एलिव्हेशनला बाधा येत आहे, सात दिवसांत काढावी.' एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप! बघतं कोण ते? स्कायवॉकवरचा भेळवाला? घराघराच्या एसीचे डबे बाहेर लटकलेत, पाइप ठिबकतायत, खालच्याच्या खिडकीत गरम हवा फेकतायत, त्याने एलिव्हेशन खुलतं वाटतं! माझी दीडशे रुपयांची बांबूची चिक तेवढी डोळ्यांत खुपते. एसी लावा म्हणे. लावला की! बिल 500 युनिटांच्या वर गेलं. वरच्या स्लॅबचा दर कमिटी भरणार आहे का?

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी मुंबईतच कंबाला हिलला कांचनजंगा ही उंच इमारत उभारली, 1983 मध्ये पुरी झाली. समुद्र आणि वारा ज्या बाजूला, तिथूनच दुपारचं ऊन आणि पावसाची झोड. म्हणून त्यांनी खोल्या आत सरकवल्या आणि पुढे खोल गच्च्या ठेवल्या, जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यासारख्या. आमच्या बिल्डरने होती ती बाल्कनीही हॉलमध्ये घालून कार्पेट एरिया म्हणून विकली.

आणि आपण घेतली! बुकिंगला वास्तूवाला आणलात, होकायंत्र फिरवून संडास कुठे, देव्हारा कुठे, सगळं तपासलंत. तेच यंत्र हातात असताना सूर्य कुठे मावळतो तेवढं बघता आलं नाही? रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगांत दोन वर्षं भांडलात ती लॉबीच्या इटालियन मार्बलवरून. भिंत कशाची, काच कसली, एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही.

चिक मी काढणार नाही. दंड लावायचाच असेल तर त्याची मीटिंग माझ्या हॉलमध्ये घ्या, दुपारी चार वाजता. एसी बंद असेल.