फ्रीज गेलाय म्हणण्याआधी व्होल्टेज मोजा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. घरातली जुनी वस्तू बिघडली की ऐकावं लागणारं वाक्य ठरलेलं असतं, "जुनं झालंय आता, नवीन घ्या." आमच्या २१ वर्षांच्या फ्रीजलाही तेच ऐकवलं गेलं. आधी घूंऽऽ असा आवाज यायचा, चार-पाच सेकंदांनी टक्, मग शांत, आणि थोड्या वेळाने परत तेच. बघायला आलेल्या माणसाने कॉम्प्रेसरला हात लावला, गरम आहे म्हणाला आणि कॉम्प्रेसर गेला असं सांगून टाकलं. मीटर बॅगेतच राहिला. मला राग येतो तो याचा, मोजलंच नाही तर कळलं कसं?

नंतर मी भावाला फ्रीज चालू करायला सांगितला आणि शेजारच्या सॉकेटला मल्टीमीटर लावून बसले. फ्रीज बंद असताना २२६ व्होल्ट. घूं सुरू झालं की आकडा धाडकन १८० वर. वायरमनला बोलावलं, त्याने तेव्हाच मेन स्विचपाशी मोजलं तर तिथे २२१. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक, सगळी गळती घरातल्या घरात. स्वयंपाकघराचा बोर्ड उघडला तर न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचा, स्क्रू ढिला, खालची वायर काळी पडलेली आणि तिचं आवरण बिस्किटासारखं तुटत होतं. वायर मागे चांगल्या तांब्यापर्यंत कापली, नवीन कनेक्टर टाकला, फ्रीज पहिल्याच झटक्यात सुरू.

आता गंमत अशी की फ्रीज असा अडत होता त्या दोन आठवड्यांत फोन चार्ज होत होते, टीव्ही चालत होता, एलईडी दिवे नीट लागत होते, त्यामुळे घरात कुणालाच लाइटचा संशय आला नाही. चार्जरवर बारीक अक्षरात वाचा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याला १८० मिळाले काय आणि २३० मिळाले काय, तो आपलं आतल्या आत जुळवून घेतो. जुन्या फ्रीजच्या साध्या मोटरला ते जमत नाही. मोटरचा सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे २३० च्या जागी १८० मिळाले तर जोर जेमतेम ६१ टक्के उरतो, कॉम्प्रेसर अडकून बसतो, नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो आणि तापतो, मग ओव्हरलोड, म्हणजे मोटर फार तापली की तिची वीज तोडणारा छोटा स्विच, टक् करून त्याला सोडवतो. तो टक् आवाज म्हणजे फ्रीज स्वतःला वाचवतोय. हे महिनोन्‌महिने चालू राहिलं तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, खरंच जळतं, आणि मग "बघा, सांगितलं होतं ना" म्हणायला सगळे मोकळे. गिझरचं तसं नाही, २००० वॉटचा गिझर १८० वर साधारण १२२५ वॉटचा होतो, पाणी उशिरा तापतं, बाकी त्याला काही होत नाही.

ढिल्या जोडाला कुणी गंभीरपणे घेत नाही म्हणून हिशोबच सांगते. जोडात फक्त १ ओहम रोध असेल आणि त्यातून १० अँपिअर जात असतील तर तिथे १० व्होल्ट गळतात आणि १०० वॉट उष्णता तयार होते, भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत! सॉकेट पिवळा पडणं, पिन गरम लागणं, जळका वास, हे सगळं तिथूनच येतं. असा जोड तसाच ठेवून वर स्टॅबिलायझर लावला तर तो व्होल्टेज चढवायला लाइनमधून आणखी करंट खेचतो, म्हणजे जोड अजून तापतो. आणि टेस्टर पेटला म्हणजे सप्लाय नीट आहे असं नाही हो, न्यूट्रल तुटला असला तरी फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरला, टेस्टर पेटतोच. मीटरनेसुद्धा लोड चालू असतानाच मोजायचं, नाहीतर ढिल्या वायरवरही पूर्ण आकडा दिसतो.

एका प्रकारात मात्र मोजत बसू नका. एका खोलीतला दिवा मंद आणि दुसरीकडचा नेहमीपेक्षा प्रखर, किंवा काही चालू केलं की भलताच दिवा उजळतो, असं दिसलं तर मेन न्यूट्रल सुटत चाललाय. तीन फेजच्या लाइनवर अशा वेळी घरात ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. आधी मेन बंद करा, मग वीज कंपनीला कळवा.

जुनी वस्तू निर्दोषच असते असं माझं म्हणणं नाही. पंखा हळू फिरत असेल आणि व्होल्टेज बरोबर असेल तर बहुतेक वेळा पंख्याचा कंडेन्सर (कपॅसिटर) कमजोर झालेला असतो, तो बदलला की झालं. पण आमची जुनी इस्त्री लावली की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. बाकी सगळ्या पिना काढून एकेक लावून बघितली, दोष तिचाच, एलिमेंटमधून करंट बॉडीत उतरत होता. घरात एकाने सुचवलं की आरसीसीबी बायपास करून चालवू. मी इस्त्रीची वायर पिनपासून कापून टाकली, म्हणजे चुकून कुणी परत लावायला नको.