ऑइल बदलण्याआधी दहा जणांना विचारा
वडिलांची १९९७ची स्प्लेंडर तुमच्या वाट्याला आली, अभिनंदन! भावाच्या वाट्याला फ्लॅट आला, ते सोडून द्या.

आता तिला ऑइल कुठलं टाकायचं? कंपनीची पुस्तिका उघडायची घाई करू नका. ती कपाटात विम्याच्या पावत्यांखाली सुखरूप आहे, तिथेच राहू द्या. ग्रेड कुठली, किती मिली, किती किलोमीटरला, हे तिच्यात एका पानात आटोपलेलं असतं. एका पानात आटोपणाऱ्या गोष्टीवर अख्खा रविवार कसा जाणार? त्यापेक्षा चौकात जा. तिथे दहा माणसं भेटतील आणि अकरा ऑइलं सुचवतील.

डब्यावरच्या २०डब्ल्यू४० मधला डब्ल्यू म्हणजे ‘वेट’, असं त्यातला एक जण छातीठोक सांगेल. मान डोलवा. तो डब्ल्यू विंटरचा आहे, पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा आणि दुसरा १०० अंशांना ऑइल किती जाड राहतं त्याचा, असलं काही बोलून चहाची चव घालवू नका. तसंही २०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांना होते, आणि आपल्याकडे वेण्णा लेकवर दव गोठलं तरी पेपरात फोटो येतो.

मुख्य सिद्धान्त लक्षात ठेवा: गाडी जुनी, तर ऑइल जाड. टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, वाजतायत? ५० नंबर ओता, आवाज दबतो. फिलर गेजची पातळ पट्टी लावून टॅपेटची गॅप नीट करून घेणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम, म्हणजे उपाय म्हणून अगदीच हलकं. सकाळच्या गारठ्यात ते काकवीसारखं ऑइल वर, इंजिनाच्या डोक्यातल्या कॅमपर्यंत पोचायला वेळ लावेल. लावू द्या. वडिलांच्या गाडीत वडीलधाऱ्यांच्या चालीनेच चढायला हवं.

पैसे वाचवायचे असतील तर मेव्हण्याच्या कारचं उरलेलं ऑइल आणा. ऑइल ते ऑइल. कारचा क्लच सहसा कोरडा असतो आणि तुमच्या गाडीत इंजिन, गिअर, क्लच प्लेटा असं सगळं कुटुंब एकाच तेलात नांदतं, हा तपशील झाला. कारच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लच प्लेटेचं तर पोटच घर्षणावर चालतं. मग क्लच घसरून कात्रजच्या चढाला नुसतं इंजिन बोंबलेल आणि शेजारून सायकलवाला पुढे जाईल. मोटरसायकलच्या डब्यामागे बारीक अक्षरांत ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असं काहीतरी असतं. हे मानक जपान्यांनी १९९८ साली काढलं ते याच भानगडीपायी. पण तुम्ही डब्याच्या पुढच्या बाजूची रेसिंगची गाडी बघा. तिचा रंग आवडला की झालं.

ऑइलची परीक्षा बोटांनीच करायची. थेंब घ्या, अंगठा आणि तर्जनीत चोळा, नाडी पाहणाऱ्या वैद्याचा चेहरा करा आणि म्हणा, “पार पाणी झालंय.” नवं ऑइल पाचशे किलोमीटरांत काळवंडलं तर ‘डुप्लिकेट!’ म्हणून दुकानदाराशी भांडायला मोकळे. काजळी पोटात घेऊन इंजिन साफ ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे, पण पोछा काळा झाला म्हणून पोछ्याला शिव्या देणारी माणसंही असतातच की.

टू-स्ट्रोक आरएक्स-१००वाल्यांना वेगळं काय सांगावं! त्यांना पेट्रोलसोबत जळणाऱ्या टू-टी ऑइलचा धूर इतका प्रिय, की गाडीत ते आपोआप मिसळणारा पंप असूनही पेट्रोलच्या टाकीत आणखी एक झाकण ओततात. गिअरचं ऑइल वेगळं असतं आणि तेही बदलावं लागतं, हे गाडी विकताना घेणारा विचारतो तेव्हा आठवतं.

एक मात्र चुकूनही करू नका: पातळी बघणं. जुनी गाडी ऑइल पिते, पिस्टनच्या रिंगा झिजल्या की निळा धूर सोडते, आणि जेमतेम ९०० मिलीच्या हिशेबातलं पाव लिटर कधी उडालं ते कळतही नाही. गाडी मधल्या स्टँडवर लावायची, डिपस्टिक पुसायची, आटे न फिरवता नुसती टेकवायची आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघायचं. याला एक पैसा लागत नाही. ज्याला पैसा लागत नाही त्यावर चौकात कोण वाद घालणार?

मिनरल की सिंथेटिक, यावर तीन रविवार घालवून झाले, की फिटरकडे जा. तो डिपस्टिक काढेल, पुसायला फडकं घेईल आणि तसंच खाली ठेवेल. पुसण्यासारखं काही नसेलच.

“दादा, ऑइल कधी बदललेलं?”

“बाबा होते तेव्हा.”

तो गप्प होईल. अशा वेळी ओशाळू नका. लगेच विचारा, “पण सिंथेटिक टाकलं तर गळणार नाही ना?”